सरकारी बाजूची फाइल : वाचकांचे प्रश्न

सरकारविरुद्धच्या दाव्यांची तयारी पडद्यामागे कशी होते, यावर गेल्या अंकात लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. आधीच सांगते, मी वकील नाही. एका सरकारी खात्याच्या विधी कक्षात माझी सगळी नोकरी झाली. याचिका आली की कागद गोळा करायचे, अभिप्राय तयार करायचे, सरकारी वकिलांच्या कार्यालयात बसून शपथपत्र पुरं करून घ्यायचं आणि तारखेला मूळ फाइल घेऊन कोर्टात हजर राहायचं, हे माझं काम. त्या अनुभवातून निवडक पत्रांना उत्तरं देते.

प्रश्न : ताई, मी एलएल.बी. झाले आहे. एका खात्यात कंत्राटी विधी सहायक म्हणून ऑर्डर मिळाली आहे. काम सरकारी वकिलांना मदत करण्याचं. घरचे म्हणतात, झेरॉक्स काढायच्या आणि फायली वाहायच्या, त्यासाठी कायदा शिकलीस का? खरंच तेवढंच असतं का? (नवी विधी सहायक, परभणी)

झेरॉक्स काढाव्या लागतील आणि फायलीही वाहाव्या लागतील. पण कुठल्या पानाची झेरॉक्स हवी, हे तू ठरवशील, आणि सरकारी प्रकरणांचं बरंच भवितव्य तिथेच ठरतं. युक्तिवाद सगळ्यांना ऐकू येतो. त्याला आधार देणारा कागद कोणी हुडकून काढला, ते कोणाला कळत नाही.

क्रम असा असतो. याचिकेची प्रत सरकारी वकिलांच्या कार्यालयात येते. तिथून ती खात्याकडे जाते आणि खात्याकडून परिच्छेदनिहाय अभिप्राय मागवले जातात. बोलताना सगळे त्याला पॅरावाइज म्हणतात. त्यावरून सहायक सरकारी वकील शपथपत्राचा मसुदा करतात, खात्याचा अधिकारी तो वाचून शपथेवर सही करतो आणि शपथपत्र दाखल होतं. घोळ होतो तो पॅरावाइजमध्ये.

समज, याचिकेच्या सातव्या परिच्छेदात लिहिलं आहे : 'अर्जदाराने १२ मार्च रोजी तहसील कार्यालयात अर्ज दिला, त्यावर आजतागायत उत्तर नाही.' तालुक्याहून अभिप्राय येतो : 'परिच्छेद ७ मधील मजकूर मान्य नाही.' बस्स. आता मान्य नाही म्हणजे नक्की काय मान्य नाही? अर्ज आलाच नाही? आला आणि उत्तर दिलं? की आला तो अर्ज भलत्याच विषयाचा होता? प्रत्येक उत्तरानं प्रकरण वेगळ्या वाटेला जातं. वकिलांचा त्या दिवशीचा बोर्ड, म्हणजे सुनावणीच्या प्रकरणांची यादी, भरलेला असतो, ते तालुक्याला जाऊन वही बघणार नाहीत. हे तुझं काम आहे.

आवक नोंदवही काढ. फक्त १२ मार्चचं पान बघून थांबू नकोस, पुढच्या आठवड्याची पानंही चाळ, कारण टपाल घेतल्या दिवशीच नोंदवलं जातं असं नाही. अर्जदारानं पोच जोडली असेल तर तिच्यावरचा शिक्का, आवक क्रमांक आणि सही आपल्या वहीशी ताडून बघ. अर्ज सापडला की तो कोणत्या टेबलाला गेला, हे त्या कारकुनाच्या कार्यविवरण नोंदवहीत मिळेल. उत्तराची स्थळप्रत, म्हणजे कार्यालयात ठेवलेली प्रत, सापडली म्हणून लगेच 'उत्तर दिले आहे' असं लिहू नकोस. जावक क्रमांक पडला आहे का, टपालाची पावती आहे का, ते बघ. उत्तर टाइप झालं, साहेबांची सही झाली आणि कागद फाइलमध्येच राहिला, जावक झालाच नाही, असे प्रकार मी कितीतरी पाहिले. सरकारी कागदावर एकाहून जास्त तारखा असतात. वर टाइप केलेली एक, सहीखाली पेनानं घातलेली दुसरी आणि जावक शिक्क्यावरची तिसरी. समोरच्याला उत्तर कधी गेलं, याचं उत्तर फक्त तिसऱ्या तारखेत असतं. घाईत पहिलीच तारीख शपथपत्रात जाते आणि मग अर्जदार टपालाचं पाकीट कोर्टापुढे ठेवतो.

फाइलच्या दोन बाजू वेगळ्या ओळखायला शीक. पत्रव्यवहाराच्या बाजूला आलेले-गेलेले कागद असतात, टिप्पणीच्या बाजूला अधिकाऱ्यांनी एकमेकांसाठी लिहिलेला विचार. दोन्ही बाजू वकिलांना पूर्ण दाखव. टिप्पणीतलं पान शपथपत्राला जोडायचं की नाही, हा निर्णय मात्र त्यांचा. टिप्पणीत एकानं 'द्यावे' म्हटलेलं असतं, दुसऱ्यानं 'देऊ नये' आणि तिसऱ्यानं 'चर्चा करावी'. त्यातलं एकच पान बाहेर गेलं तर कोर्टाचा गैरसमज होतो.

मूळ फाइल कोर्टात नेण्याआधी प्रत्येक पानाला क्रमांक घाल आणि शेवटच्या पानावर एकूण पानं लिहून तारखेसह सही कर. न्यायमूर्तींनी 'रेकॉर्ड आहे का?' विचारलं की वकील मागे वळून बघतात. त्या वेळी 'सर, पान १४३' असं पटकन सांगता आलं पाहिजे. जिल्हा न्यायालयात असशील तर रोजनामा, म्हणजे त्या तारखेला कोर्टात काय झालं याची नोंद, दर तारखेला वाच. 'तारीख मिळाली' एवढंच ऐकून परतू नकोस. तारीख कशासाठी मिळाली, म्हणणं दाखल करायची शेवटची संधी होती का, खर्च बसला का, हे सगळं रोजनाम्यात असतं. प्रत्येक प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, फाइलच्या मुखपृष्ठावर ठळक लिहून ठेव. साहेब बदलतात, टेबलं बदलतात, वकीलही बदलतात. तो क्रमांक हाताशी असला की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर प्रकरण कुणालाही काढता येतं.

घरच्यांना सांग की कायदा शिकल्याचा इथे पुरेपूर उपयोग आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता परीक्षेपुरती वाचली असशील, आता ती रोज लागेल. सुरुवात कलम ८० पासून कर. सरकारविरुद्ध दावा लावण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कारण त्या दोन महिन्यांत सरकारनं चूक सुधारावी किंवा आपली बाजू कळवावी, अशी अपेक्षा आहे. अशा नोटिशींना उत्तरच जात नाही, यावर सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये सालेम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात नाराजी नोंदवली आणि उत्तराची जबाबदारी असलेला अधिकारी नेमायला सांगितलं. तुझ्या टेबलावर कलम ८० ची नोटीस आली तर ती बाजूच्या गठ्ठ्यात जाऊ देऊ नकोस. नीट उत्तर दिलं तर कधी कधी दावाच उभा राहत नाही. या नोकरीत मला सर्वांत जास्त समाधान अशा प्रकरणांनी दिलं, आणि ती कुठल्याच तक्त्यात दिसत नाहीत.

प्रश्न : आमच्या खात्याविरुद्ध जिल्हा न्यायालयाचा निकाल गेला. अपील करायचं ठरेपर्यंत मुदत संपली आणि वर कित्येक महिने गेले. विलंबमाफीच्या अर्जाचा कच्चा मसुदा मला करायला सांगितला आहे. 'प्रशासकीय कारणास्तव विलंब झाला' एवढं पुरेल का? (वरिष्ठ लिपिक, बुलढाणा)

नाही पुरणार. एकेकाळी पुरत असे, म्हणून जुन्या मसुद्यांत तुम्हाला तेच वाक्य सापडेल. ते उचलू नका.

१९८७ मध्ये कातिजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं विलंबाकडे उदारपणे बघावं असं सांगितलं आणि सरकारी कार्यालयं पुढे बरीच वर्षं त्या निकालाच्या भरवशावर राहिली. २०१२ मध्ये पोस्टमास्तर जनरल विरुद्ध लिव्हिंग मीडिया या प्रकरणात चित्र पालटलं. ४२७ दिवसांचा विलंब होता. न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की मुदतीचा कायदा सरकारलाही तितकाच लागू आहे आणि फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती, हे आजच्या काळात पटणारं कारण नाही. २०२० च्या भेरूलाल प्रकरणात मध्य प्रदेश सरकार ६६३ दिवस उशिरा आलं. न्यायालयानं २५,००० रुपये खर्च बसवला आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितलं. 'वरच्या कोर्टानंच फेटाळलं, आम्ही काय करणार' असं दाखवता यावं म्हणून अपील करायचं, ही वृत्ती न्यायालयानं तिथे उघडपणे मांडली. तो निकाल तुमच्या साहेबांच्या टेबलावर ठेवा. साहेब आपोआप लक्ष घालतील.

आता मसुदा. आधी दिवस नीट मोजा. जिल्हा न्यायालयाच्या हुकूमनाम्याविरुद्ध (डिक्रीविरुद्ध) उच्च न्यायालयात अपिलाला ९० दिवस असतात, दिवाणी न्यायाधीशांच्या हुकूमनाम्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात ३०. प्रमाणित नक्कल मिळायला लागलेला काळ मुदतीच्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे वगळला जातो. नकलेच्या मागे अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख असते. नक्कल तयार होऊन नकला विभागात पडून राहिली, तो काळ तुमच्या खात्यावर जातो. प्रकरण जुनं असेल आणि मुदत कोरोनाच्या काळात संपत असेल, तर १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं वगळलेला आहे. हे न बघता लोक उगाच मोठा विलंब दाखवतात.

मग एक तक्ता करा : तारीख, कागद कोणाकडून कोणाकडे गेला, त्यावर काय झालं, पुरावा कोणत्या पानावर. सरकारी वकिलांचं मत कधी आलं, खात्यानं प्रस्ताव कधी केला, विधि व न्याय विभागाकडे कधी गेला, त्रुटी निघून परत कधी आला, मंजुरी कधी मिळाली. तक्ता पुरा झाला की पोकळी आपोआप दिसते. मत १० जुलैला टेबलावर आलं आणि पुढची टिप्पणी २२ सप्टेंबरची असली, तर कोर्ट त्या चौऱ्याहत्तर दिवसांबद्दलच विचारणार. बाकीची पंधरा पानं कितीही सुबक असली तरी उत्तर तिथेच द्यावं लागणार.

त्या दिवसांचं कारण शोधा आणि खरं तेच लिहा. टेबलावरचा कर्मचारी निवडणुकीच्या कामाला गेला होता? नेमणुकीचा आदेश जोडा. पद रिक्त होतं? बदलीचा आणि कार्यमुक्तीचा आदेश जोडा. आणि कारण काहीच नसेल, फाइल नुसतीच पडून राहिली असेल, तर तसं वकिलांना तोंडावर सांगा. निष्काळजीपणा मान्य करून, संबंधितांवर काय कारवाई केली ते दाखवून आणि प्रकरणात सार्वजनिक हित किती मोठं आहे ते मांडून अर्ज करता येतो. तो मंजूर होईलच असं नाही. पण घडलंच नाही असं कारण लिहिणं यापेक्षा फार वाईट, कारण मग अपीलही जातं आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्याची अब्रूही.

पुढच्या वेळेसाठी एवढं करा : निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या. साहेबांच्या आदेशाची वाट बघू नका. अपील करायचं नाही असं ठरलं तरी नक्कल फाइलला लागतेच.

प्रश्न : माझी सनद आहे. पूर्णवेळ पगारी विधी सहायक झालो तर संध्याकाळी स्वतःची वकिली करता येईल का? (एक वकील, सोलापूर)

नाही. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही. रुजू झाल्यावर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाला कळवून सनद स्थगित करून घ्या. नोकरी सोडल्यावर ती पुन्हा चालू करता येते. कंत्राटी आहे म्हणून नियम लागू नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. नेमणुकीच्या आदेशात पूर्णवेळ आणि मासिक मानधन असे शब्द आहेत का, ते बघा आणि शंका असेल तर बार कौन्सिलला लेखी विचारा.

प्रश्न : मी तालुका विधी सेवा समितीत विधी स्वयंसेवक म्हणून काम केलं आहे. आता सरकारी वकिलांच्या कार्यालयात मदतनीस म्हणून संधी आहे. शिवाय माझ्या चुलतभावाचा सरकारविरुद्धचा दावा त्याच कार्यालयात आहे. अडचण येईल का? (लातूर)

विधी स्वयंसेवकाचा अनुभव फार मोलाचा आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची ही योजना २००९ ची. तिच्यातून आलेल्या माणसांना लोकांचे अर्ज वाचता येतात. मोडक्या भाषेतल्या अर्जातून नेमकी मागणी कोणती, हे तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर कळेल. पण दोन्ही कामं एकत्र करू नका. विधी सेवेकडून मदत घेणारा माणूस अनेकदा सरकारविरुद्धच उभा असतो.

चुलतभावाची गोष्ट रुजू व्हायच्या दिवशीच लेखी कळवा. ती फाइल तुमच्याकडे येऊ नये, त्या तारखेला तुम्ही कोर्टात नसावं आणि भावकीच्या बैठकीत त्या विषयावर तुम्ही बोलू नये. वकील आणि पक्षकार यांच्यातली गुप्तता वकिलाच्या कारकुनाला आणि नोकरालाही बांधते. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम १२७ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. घरची माणसं रागावतील. रागावू द्या.

प्रश्न : एका प्रकरणात साहेब म्हणाले, 'फाइलमधलं ते पत्र कंपायलेशनमध्ये (कोर्टात द्यायच्या कागदांच्या संचात) घेऊ नका, आपल्याला अडचणीचं आहे.' शपथपत्रात नेमकं त्या पत्राच्या उलट लिहिलं आहे. मी साधा सहायक आहे. काय करू? (नाव देऊ नये)

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. हा प्रश्न विचारलात याचा मला मनापासून आनंद झाला.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. कोणते कागद जोडायचे हे वकील ठरवतात. प्रत्येक कागद जोडलाच पाहिजे असं नाही, आणि एखादं पत्र न जोडण्यात दर वेळी गैर असतंच असंही नाही. पण शपथपत्रात 'असे कोणतेही पत्र प्राप्त नाही' असं लिहायचं आणि पत्र फाइलमध्ये असायचं, ही सरळ खोटी शपथ आहे. न्यायालयीन कामात खोटा पुरावा देण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सही साहेबांची असेल. माहिती मात्र तुम्ही पुरवलेली असेल.

तुम्ही एवढंच करा. शपथपत्राचा मसुदा आणि ते पत्र, दोन्ही सहायक सरकारी वकिलांच्या समोर एकत्र ठेवा. 'सर, परिच्छेद अमुक आणि पान तमुक जुळत नाही' एवढंच वाक्य बोला. आरोप करू नका. साहेब असं म्हणाले, तसं म्हणाले, हेही सांगू नका. वकिलांकडे कागद पाठवताना सोबत यादी द्या, त्या यादीत ते पत्र असू द्या आणि यादीची प्रत फाइलला लावा. फाइलमधलं पान काढायला सांगितलं तर कधीही काढू नका. क्रमांक घातलेल्या फाइलमधून पान गेलं की उरलेले सगळे क्रमांक तुमच्याविरुद्ध बोलतात.

माझ्यासमोरचं एक प्रकरण सांगते. भूसंपादनाचं होतं. शेतकऱ्यांनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खाली वाढीव मोबदल्यासाठी संदर्भ मागितला होता, म्हणजे प्रकरण कोर्टाकडे पाठवा असा अर्ज केला होता. आमचं म्हणणं जवळजवळ तयार होतं : निवाड्याची कलम १२(२) ची नोटीस बजावली, तिच्यापासून सहा आठवड्यांत अर्ज नाही, म्हणून संदर्भ मुदतबाह्य. हा मुद्दा टिकला असता तर मोबदल्याचा विषय निघालाच नसता. मी नोटिशीची पोच काढली. खाली अंगठा, अंगठ्याशेजारी कारकुनानं लिहिलेलं नाव. त्याच गटाचे फेरफार वेगळ्या गठ्ठ्यात होते, ते मोजणीच्या क्षेत्रासाठी मागवले होते. चाळताना वारसनोंदीचा फेरफार दिसला. ज्या नावासमोर अंगठा होता तो माणूस नोटिशीच्या आधीच वारला होता आणि वारसांची नोंदही नोटिशीच्या आधी मंजूर झाली होती.

हे दोन कागद मी सहायक सरकारी वकिलांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी दोन्ही तारखा पुन्हा वाचल्या आणि मुदतीचा सगळा परिच्छेद पेनानं खोडला. कार्यालयात काही जण नाराज झाले, 'तुम्हाला कोणी विचारलं होतं?' असंही ऐकावं लागलं. पण वारसांचं म्हणणं जमिनीच्या दरावर ऐकलं गेलं, आणि ते ऐकलं जाणं हा त्यांचा हक्क होता.

सरकार हा इतरांसारखा पक्षकार नाही. खाजगी पक्षकाराला फक्त आपला दावा जिंकायचा असतो. सरकारच्या समोर उभा असलेला माणूसही सरकारचाच नागरिक असतो, आणि ज्या तिजोरीतून वकिलांची फी जाते त्यात त्याचाही कर असतो. आपली बाजू खरी असेल तेव्हा जीव तोडून लढावं. ती खरी नसेल तर वकिलांना वेळेवर सांगावं. तुमच्या पगारात दोन्ही कामं येतात.

प्रश्न : आमच्या कार्यालयातल्या घटनेचं सीसीटीव्ही चित्रण कोर्टात द्यायचं आहे. पेनड्राइव्हवर कॉपी करून दिलं तर चालेल ना? (नाशिक)

सोबत प्रमाणपत्र लागेल, चित्रण कुठल्या यंत्रातून आणि कसं काढलं हे सांगणारं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे आणि त्याच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्राचा ठरलेला नमुना आहे. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग चित्रण देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि दोन्हीत त्या फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची. ही हॅश व्हॅल्यू म्हणजे फाइलच्या बोटांचे ठसे. चित्रणात किंचित बदल झाला तरी ती बदलते. म्हणून ती कॉपी करतानाच काढून घ्या, आठवड्यानं नको.

प्रमाणपत्र किती महत्त्वाचं, हे आपल्याच मराठवाड्यातल्या प्रकरणातून सगळ्या देशाला कळलं. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, यावर वाद होता. निवडणूक कार्यालयातलं चित्रण हा महत्त्वाचा पुरावा होता आणि मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नाही. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावानं तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२० मध्ये निकाल लागला : मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, आणि ते कोणी देत नसेल तर कोर्टाकडे मागता येतं. तेव्हा समोरच्या पक्षानं तुमच्या कार्यालयाकडे असं प्रमाणपत्र मागितलं तर टाळू नका.

आणखी एक गोष्ट घाईची. बहुतेक यंत्रणांत जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. नोटीस आल्या दिवशीच 'चित्रण जतन करावे' असं पत्र संबंधितांना काढा आणि त्याची पोच घ्या.

प्रश्न : तुम्ही सरकारी माणसं अपिलावर अपील करत राहता. माझ्या वडिलांची जमीन तलावात गेली. वाढीव मोबदल्याचा निकाल आमच्या बाजूनं लागला, दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल आहे, तरी पैसे नाहीत. वडील गेले. तुम्हाला आमच्याबद्दल काही वाटत नाही का? (शेतकरी, जालना जिल्हा)

वाटतं, दादा. सरकारी बाजूला बसून तुमच्यासारख्यांच्या फायली मी हाताळल्या, म्हणून तुमचा राग मला रास्त वाटतो.

पैसे द्यायला उशीर झाल्यानं सरकारचाही काही फायदा होत नाही. १८९४ च्या कायद्याखाली वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे दर वर्षी १५ टक्के व्याज आहे. म्हणजे एक लाख रुपयांवर दहा वर्षांत १,४४,००० रुपये नुसतं व्याज होतं, मुद्दलापेक्षा जास्त. हा आकडा काढून मी अनेक टिप्पण्यांमध्ये लिहीत असे : अपिलात दम नसेल तर आजच पैसे भरणं स्वस्त पडतं. काही वेळा ऐकलं गेलं, काही वेळा नाही. पैसे बहुतेकदा प्रकल्प करणाऱ्या यंत्रणेकडून यायचे असतात. भूसंपादन कार्यालय मागणी करतं, निधी येईपर्यंत सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मग एक दिवस कोर्टाचा बेलिफ कार्यालयाच्या खुर्च्या जप्त करायला येतो. त्या दिवशी सगळ्यांनाच मान खाली घालावी लागते.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगते. सरकारनं अपील केलं आहे, एवढं ऐकून थांबू नका. नुसतं अपील दाखल झाल्यानं दरखास्त थांबत नाही, त्यासाठी स्थगितीचा आदेश लागतो. तुमच्या वकिलांना विचारा : स्थगिती आहे का, असेल तर रक्कम भरण्याची अट घातली आहे का, आणि रक्कम भरली आहे का? भरली असेल तर ती काढण्यासाठी तुम्हाला अर्ज करावा लागतो. कोर्ट जामीन किंवा हमी मागू शकतं. सरकारविरुद्धच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी तीन महिने उलटल्यावरच मागता येते. तुमच्या बाबतीत तो काळ कधीच गेलेला दिसतो.

वडील गेले आहेत, तर वारसांची नावं दरखास्तीत लावली आहेत का, हे सर्वांत आधी बघा. पैसे कोर्टात येऊनही फक्त याच कारणानं अडकलेली प्रकरणं मला माहीत आहेत. वारसनोंदीचा फेरफार आणि मृत्यूचा दाखला वकिलांकडे द्या. बहिणींची नावं वगळू नका. ती पुढे निघतात आणि सगळं पुन्हा अडतं.

लोकअदालतीची नोटीस आली तर जा, पण हिशेब हातात घेऊन जा. तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही, हे सरकारलाही लागू आणि तुम्हालाही. तुमच्या शेजाऱ्यानं त्याच अधिसूचनेतली जमीन गेलेली असून संदर्भ मागितलाच नसेल, तर त्याला १८९४ च्या कायद्याचं कलम २८-अ सांगा. कोर्टाच्या निवाड्यापासून तीन महिन्यांत त्याला अर्ज करता येतो. दिवस थोडे असतात, म्हणून आजच सांगा.

आणि एक तक्ता करून घ्या : मुद्दल, ३० टक्के दिलासा रक्कम (जमीन सक्तीनं घेतल्याबद्दलची), वर्षवार व्याज, आधी मिळालेली रक्कम वजा. त्यावर दरखास्तीचा क्रमांक, निकालाची तारीख आणि निवाड्यातला गट क्रमांक घाला. सोबत प्रत्येक वारसाच्या पासबुकाची पहिल्या पानाची प्रत लावा. एक प्रत कोर्टात द्या, एक भूसंपादन कार्यालयाच्या आवक विभागात द्या आणि पोचेवर शिक्का व क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.